वर्गात कळतं, पडद्यासमोर सुचत नाही

वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावरची आहेत: विद्यापीठातला प्रोग्रॅमिंगचा पहिला कोर्स. सत्राचे पाच-सहा आठवडे उलटले की अशी पत्रं येऊ लागतात. हा कोर्स मी ३१ वर्षं शिकवला, त्यामुळे त्या पाच-सहा आठवड्यांत काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे. ते सगळ्यांनीच वाचावं, कारण बाकीच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ तिथेच आहे.

प्रश्न: मी पहिल्या वर्षाला आहे. आम्हाला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतात. सर प्रोग्राम समजावून सांगतात तेव्हा प्रत्येक ओळ कळते. लॅबमध्ये मात्र कोऱ्या पडद्याकडे बघत बसते, पहिली ओळच सुचत नाही. शेजारची मुलगी करून दाखवते तेव्हा वाटतं, हे तर मला येत होतं! मला हा विषय जमणार नाही का?

उत्तर: जमेल. पण "प्रत्येक ओळ कळते" असं तू लिहिलं आहेस, ते आधी तपासून बघू. पुढच्या चार ओळी वाच.

अ = ७
ब = ३
अ = ब
ब = अ

शेवटी अ किती आणि ब किती? उत्तर ठरव, मगच पुढे वाच.

हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात विचारायचे. अ ३ आणि ब ७ झाला, अदलाबदल झाली, असं म्हणणारे बरेच हात वर व्हायचे. खरं तर दोन्ही ३ होतात. तिसऱ्या ओळीत अ मध्ये ३ आला त्याच क्षणी ७ पुसला गेला. तो आता कुठेच नाही, मग चौथी ओळ तो आणणार कुठून? अदलाबदल करायची तर ७ आधी तिसऱ्या कुठल्या तरी नावात जपून ठेवावा लागतो. हात वर करणारी मुलं हुशारच होती. ती ओळी वाचत नव्हती, ओळी लिहिणाऱ्याच्या मनातला हेतू वाचत होती. माणसाशी बोलताना आपण सगळे तेच करतो. यंत्राला हेतू नसतो, त्याच्यापुढे फक्त एक ओळ असते आणि त्या क्षणी नावांमध्ये काय भरलं आहे तेवढंच असतं.

सर शिकवतात तेव्हा तुला त्यांचा हेतू कळतो. लॅबमध्ये हेतू सांगणारं कुणी नसतं, म्हणून तू अडतेस. ही अडचण तुझ्या एकटीची नाही. २००१ मध्ये चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना पहिला कोर्स संपत आल्यावर एक प्रोग्राम लिहायला दिला होता. ११० पैकी सरासरी गुण आले २२.८९. सुरुवातीला शिक्षकांना वाटलं, मुलांना प्रश्नाची उकल करता येत नाही. मग २००४ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या शिक्षकांनी मिळून आणखी खाली जाऊन पाहिलं. मुलांना तयार प्रोग्राम दिला आणि एवढंच विचारलं, की हा चालवला तर काय होईल? अनेकांना तेही सांगता आलं नाही. पण कच्च्या कागदावर प्रत्येक नावाची बदलती किंमत लिहून काढणाऱ्या मुलांची उत्तरं जास्त वेळा बरोबर आली. माझा सगळा अनुभव याच बाजूचा आहे.

मी स्वतः १९८२ साली फोरट्रान ही भाषा शिकले. तेव्हा आम्हाला पडदा नव्हता, पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा होता. एका कार्डावर एक ओळ, ८० रकाने, आणि ओळ सातव्या रकान्यापासून सुरू करायची. गठ्ठा खिडकीत द्यायचा, उत्तर दुसऱ्या दिवशी. एक स्वल्पविराम चुकला की दिवस गेला. म्हणून गठ्ठा देण्याआधी आम्ही प्रोग्राम कागदावर हाताने चालवायचो. त्याला ड्राय रन म्हणायचे, अजूनही म्हणतात. माझा पहिला प्रोग्राम सरासरी काढायचा होता. उत्तरातला दशांश भाग सारखा गळायचा, तीन दिवस गेले. सरासरीला मी "मीन" असं इंग्रजी नाव दिलं होतं. फोरट्रानमध्ये वेगळं काही सांगितलं नाही, तर आय ते एन या सहा अक्षरांनी सुरू होणारं नाव पूर्णांकाचं धरलं जातं. एमने सुरू होणाऱ्या नावात दशांश राहायलाच तयार नव्हता. हे मला सापडलं ते कागदावर, एकेक नावाखाली त्याची किंमत लिहीत गेले तेव्हा. त्या दिवसापासून मी कागद सोडलेला नाही.

तेव्हा या आठवड्यात नवा प्रोग्राम लिहू नकोस. सरांनी शिकवलेला एक घे. कागदावर प्रत्येक व्हेरिएबलचा, म्हणजे किंमत साठवणाऱ्या प्रत्येक नावाचा, एक रकाना आख. प्रोग्रामची एक ओळ वाचायची, ज्याची किंमत बदलली त्याच्या रकान्यात जुनी खोडून नवी लिहायची, मगच पुढची ओळ. लूप, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारा भाग, असेल तर प्रत्येक फेरी लिहायची. "पुढे असंच चालू राहील" म्हणून सोडायचं नाही, निदान पहिल्या तीन फेऱ्या आणि शेवटची फेरी तरी हवीच. शेवटी पडद्यावर काय छापलं जाईल ते लिहून ठेव आणि मग रन कर. जुळलं तर पुढचा प्रोग्राम. नाही जुळलं तर ती ओळ शोध, जिथे तुझा तक्ता आणि यंत्र यांची फारकत झाली. तुला न कळलेली गोष्ट नेमकी तीच असते.

आता पहिल्या ओळीबद्दल. पहिली ओळ पहिली लिहायची नसते, हे कुणी सांगतच नाही! वर्गात प्रोग्राम वरून खाली लिहिला जातो, म्हणून तो तसाच सुचतो असं वाटतं. १९८० च्या दशकात येल विद्यापीठात एलियट सोलोवे यांनी एक उदाहरण वापरलं होतं, ते आज पावसाचा प्रश्न म्हणून शिक्षकांमध्ये प्रसिद्ध आहे. त्याचं थोडं वाढवलेलं रूप असं: रोजच्या पावसाचे आकडे एकेक करून घ्यायचे, ९९९९९ आला की थांबायचं, चुकून आलेले ऋण आकडे सोडून द्यायचे आणि सरासरी छापायची. दिसायला सोपा प्रश्न, पण नवशिके त्यात हमखास अडकतात. त्यांना लूप येतो, जर-तर येतं, बेरीज येते. हे तुकडे एकमेकांत कसे गुंफायचे ते येत नाही.

मी मुलांना तो मधून सुरू करायला लावायचे. समज, तुझ्या हातात एकच आकडा आहे. त्याचं काय करायचं? तो ऋण नसेल तर एकूण मध्ये मिळवायचा आणि दिवस एकाने वाढवायचे. लिही ते. हेच पुन्हा पुन्हा करायचंय, मग त्याभोवती लूप घाल. कधी थांबायचं? ९९९९९ ला. आता वर बघ: लूपमध्ये शिरण्याआधी काय तयार हवं? एकूण शून्य, दिवस शून्य. आता खाली बघ: लूप संपल्यावर काय उरलं? भागाकार. म्हणजे सगळ्यात वरची ओळ तू जवळजवळ शेवटी लिहिलीस. आणि लिहून झाल्यावर तक्ता मांडताना मुद्दाम वाकडे आकडे घे. पहिलाच आकडा ९९९९९ आला तर? दिवस शून्य, शून्याने भागाकार, प्रोग्राम कोसळला.

एकूण = ० ही ओळ लूपच्या आत गेली तर काय होतं, तेही एकदा कागदावर करून बघ. आकडे घे ४, ९, २. एका मुलीची बेरीज दर वेळी शेवटच्या आकड्याएवढीच यायची, आणि यंत्रच बिघडलंय अशी तिची खात्री होती. दुसऱ्या फेरीचा रकाना भरताना तिने पेन खाली ठेवला आणि म्हणाली, "मी दर वेळी पुसतेय." मला काही सांगावं लागलं नाही.

प्रश्न: आमच्याकडे सी शिकवतात, मित्राच्या विद्यापीठात पायथन. सी जुनी झाली म्हणतात. मी स्वतःच पायथन सुरू करू का?

उत्तर: सत्र संपेपर्यंत नको. सी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी घडवली, पायथन १९९१ मध्ये गीदो व्हान रॉसम यांनी लोकांसमोर आणली, हे खरं. पण पहिल्या कोर्सात जे शिकायचं असतं ते दोन्हींत एकच आहे: किंमत साठवणं, अट, लूप, फंक्शन, यादी. एकाच वेळी दोन्ही धरल्या तर बारीक फरक तुझी झोप उडवतील. ५ भागिले २ चं उत्तर सी मध्ये २ येतं, आजच्या पायथनमध्ये २.५. एक भाषा हातात बसली की दुसरीला सुरुवातीपुरते थोडे आठवडे पुरतात. आता सी कर, आणि मन लावून कर.

प्रश्न: माझी मुलगी या कोर्समध्ये आहे. वर्गातली अर्धी मुलं शाळेपासून कोडिंग करणारी. ती पाच मिनिटांत संपवतात, हिला तास लागतो. "प्रोग्रॅमिंग उपजत असावं लागतं, माझ्यात ते नाही," असं म्हणून ती विषय सोडायला निघाली आहे. आई म्हणून मी काय सांगू?

उत्तर: उपजत असावं लागतं, हा समज तिने एकटीने तयार केलेला नाही. शिक्षकांमध्येही तो खोलवर आहे, आणि मला त्याचा राग येतो. २००६ मध्ये इंग्लंडमधल्या दोन संशोधकांचा एक मसुदा खूप फिरला. कोर्स सुरू होण्याआधीच्या एका चाचणीवरून कोणाला प्रोग्रॅमिंग जमेल आणि कोणाला नाही ते सांगता येतं, असा त्यात दावा होता. त्यांतल्या रिचर्ड बोर्नाट यांनी २०१४ मध्ये तो दावा जाहीरपणे मागे घेतला. तो फिरला त्यापेक्षा मागे घेतल्याची बातमी फार कमी फिरली. या विषयात मुलांचे सरळ दोन गट पडतात, येणारे आणि न येणारे, असंही म्हणतात. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संगणकशास्त्राच्या ७७८ गुणयाद्या संशोधकांनी तपासल्या. दोन गट पडल्यासारख्या दिसणाऱ्या याद्या निघाल्या अवघ्या ५.८ टक्के.

तिच्या वर्गातल्या त्या मुलांकडे जे आहे ते म्हणजे आधी घालवलेले तास. एरर आला की ती दचकत नाहीत, कारण तो त्यांनी शंभरदा पाहिलेला असतो. ही आघाडी खरी आहे, नाकारू नका, पण ती भरून निघते. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ मध्ये संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्यांत मुली फक्त ७ टक्के होत्या. तिथल्या अॅलन फिशर यांनी जेन मार्गोलिस यांच्याबरोबर विद्यार्थ्यांशी वर्षानुवर्षं बोलून कारणं शोधली. प्रवेश देताना आधीच्या अनुभवाला असलेलं वजन कमी झालं, वेगवेगळी तयारी असलेल्यांसाठी सुरुवातीच्या वेगवेगळ्या वाटा आखल्या गेल्या. २००० मध्ये मुलींचं प्रमाण ४२ टक्के झालं. पाच वर्षांत मुलींचा मेंदू बदलला नव्हता.

तुम्ही तिला दोन गोष्टी करायला सांगा. विद्यापीठात नवशिक्यांसाठी वेगळी तुकडी किंवा जादा तास आहे का, ते तिने शिक्षकांना आज विचारावं. आणि लॅबमध्ये जोडीने काम असेल तर कीबोर्ड दर पंधरा मिनिटांनी हातांतून बदलला पाहिजे, असा आग्रह धरावा. पाच मिनिटांत संपवणाऱ्या मुलाशेजारी नुसतं बसून बघणं, हे मी पाहिलेलं सगळ्यात मोठं नुकसान आहे. मुली ते मुकाट्याने सोसतात. तिला तास लागतो तर तास लागू दे. तो तास तिचा स्वतःचा असला पाहिजे.

प्रश्न: पडद्यावर लाल अक्षरं आली की हात गळतात. एरर वाचायचा कसा?

उत्तर: पायथन असेल तर सगळ्यात खालची ओळ आधी वाच. चूक कोणत्या जातीची ते तिथे असतं, ओळीचा क्रमांक तिच्या थोडा वर. सी असेल तर उलट: पहिला एरर आधी, कारण एका राहिलेल्या अर्धविरामामुळे खाली दहा खोटे एरर उभे राहतात. पहिला दुरुस्त कर, पुन्हा कंपाइल कर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत बदलून घे, मगच दुसरा बघ. दाखवलेल्या ओळीत काहीच चुकलेलं दिसत नसेल तर तिच्या वरची ओळ बघ, बहुधा तिथला कंस बंद करायचा राहिलेला असतो. एरर आला म्हणजे तू नापास झालीस असं नाही. यंत्र कुठे अडलं ते सांगतंय, एवढंच. जो प्रोग्राम एरर न देता चुकीचं उत्तर देतो, त्याची खरी धास्ती बाळग.

प्रश्न: सगळ्या असाइनमेंटचा कोड मी एआय चॅटबॉटकडून घेतला. गुण पूर्ण मिळाले. सत्रमध्य परीक्षा कागदावर होती, २० पैकी ४ मिळाले. पुढे नोकरीत सगळे हीच साधनं वापरणार, मग हे शिकायचं तरी कशाला?

उत्तर: खरं लिहिलंस, त्याबद्दल तुझा आदर वाटतो. आता माझंही खरं ऐक. वरचा पावसाचा प्रश्न चॅटबॉटला दे. तो क्षणात प्रोग्राम देईल, बहुधा चांगलाच देईल. एकही दिवस नोंदलेला नसताना तो कोसळणार नाही ना? शून्य पावसाचा दिवस त्याने मोजला की ऋण आकड्यांबरोबर टाकून दिला? हे तपासणार कोण? ज्याला तो प्रोग्राम हाताने चालवता येतो तोच. नोकरीत साधनं असतील, आणि त्यांनी दिलेल्या प्रोग्रामखाली सही तुझी असेल.

अजून वेळ गेलेली नाही. पहिल्या असाइनमेंटपासून पुन्हा सुरुवात कर. जमा केलेला कोड उघड, न चालवता त्याचा तक्ता मांड, उत्तर लिही, मग चालव. तो पूर्ण कळला की फाइल बंद कर आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या पडद्यावर स्वतः लिही. अडलास तर चॅटबॉटला "लिहून दे" म्हणू नकोस. आधी तुझा तक्ता त्याला दे आणि "माझी कोणती फेरी चुकली" असं विचार. आणि शिक्षकांना जाऊन सांग. ते कठीण आहे, नियमाप्रमाणे काही परिणामही भोगावे लागतील. माझ्याकडे अशी मुलं आली, त्यांना मी त्या दिवशी रागावले आणि पुढे सत्रभर त्यांच्याबरोबर बसले.

प्रश्न: मी गणिताचा निवृत्त शिक्षक. वय ६३. विद्यापीठाच्या या कोर्सला हौसेने नाव घातलं आहे. एकूण = एकूण + १ ही ओळ माझ्या मनाला पटत नाही, गणितात ती धडधडीत असत्य आहे. शिवाय १ ते १० ची बेरीज करणारा माझा प्रोग्राम ४५ उत्तर देतो. तो सोबत पाठवत आहे. या वयात हा नाद सोडून द्यावा का?

उत्तर: सर, सोडू नका. तुमचा आक्षेप अगदी रास्त आहे. अल्गॉल आणि पास्कल या भाषा बांधणाऱ्यांनाही तो महत्त्वाचा वाटला असावा. त्या भाषांत इथे नुसतं बरोबरचं चिन्ह नाही, त्याआधी विसर्गासारखे दोन टिंब आहेत, म्हणजे समीकरणाशी गल्लत होत नाही. पायथन आणि सी मध्ये ती सोय नाही. तिथे हे चिन्ह "बरोबर" असं वाचूच नका. "उजवीकडची किंमत काढ आणि डावीकडच्या नावात ठेव" असं वाचा. उजवीकडचा एकूण हा आधीचा, डावीकडचा हा नंतरचा. तुमच्या भाषेत सांगायचं तर ही क्रमिका आहे: पुढचं पद मागच्या पदात १ मिळवून येतं, फक्त पदांचे क्रमांक लिहिलेले नाहीत. एकूण हे नाव देवनागरीत ठेवलंत हे मला फार आवडलं. पायथन ३ मध्ये ते चालतं.

आता तुमचे ४५. लूप तुम्ही रेंज १, १० असा दिला आहे. पायथनची रेंज पहिला आकडा धरते आणि शेवटचा सोडते, म्हणून तुमची शेवटची फेरी ९ ची झाली. १० च्या जागी ११ लिहा. पण रन करण्याआधी दोन रकान्यांचा तक्ता मांडा, एक फेरीच्या आकड्याचा आणि एक एकूणचा. शेवटच्या ओळीत १० आणि ५५ आले की मला कळवा.